ग्रंथालयाचा जीर्णोद्धार आणि दूरचा विद्यार्थी

राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात योशीया राजाच्या कारकीर्दीतील एक प्रसंग आला आहे. मंदिराची डागडुजी चालू होती. सुतार, बांधकाम करणारे आणि गवंडी यांच्या हाती पैसा सोपविण्यात आला होता, लाकूड व दगड विकत घेतले जात होते. या गडबडीत हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. त्याने तो शाफान चिटणिसाच्या हाती दिला, शाफानाने वाचला आणि मग राजापुढे वाचून दाखविला. या प्रसंगावर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत व दिलीही आहेत. आम्हांस येथे त्यातील एकाच गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. ग्रंथ त्या इमारतीतच होता, आणि तरीही तो कोणाचा नव्हता. दगड बसविणाऱ्यांचे काम आवश्यक होतेच. परंतु ग्रंथ हिल्कीयाकडून शाफानाकडे व शाफानाकडून राजाकडे गेला नसता, तर नवे दगड बसविलेल्या त्याच घरात तो आणखी काही पिढ्या पडून राहिला असता.

विद्यापीठांच्या ग्रंथालयांचे नूतनीकरण व विस्तार हा सध्या सर्वत्र चर्चिला जाणारा विषय आहे. जुन्या वास्तू दुरुस्त होतात, नवे मजले चढतात, वाचनकक्षांत संगणक येतात. या साऱ्याचा विचार करताना महाराष्ट्रातील सर्वांत ख्यातनाम विद्यापीठ-ग्रंथालयाचा, म्हणजे मुंबईच्या राजाबाई मनोऱ्याखालील ग्रंथालयाचा इतिहास पाहणे उद्बोधक ठरेल असे आम्हांस वाटते. तो इतिहास आम्ही पाहतो आहोत तो मात्र मुंबईहून नव्हे, तर सावरगावाहून. पांढुर्ण्यासमोर जाम नदीच्या दुसऱ्या काठी वसलेल्या या गावाचे नाव वृत्तपत्रांत वर्षातून एकदाच येते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गोटमारीमुळे. पांढुर्णा व सौंसर या पट्ट्यात मराठी बोलणारी, परंतु मध्य प्रदेशात राहणारी पुष्कळ कुटुंबे आहेत. त्यांची मुलेही कोणत्या ना कोणत्या विद्यापीठाची विद्यार्थी असतात, आणि त्या विद्यापीठाचे ग्रंथालय कोठेतरी दूर असते. ज्याला ग्रंथालयाची पायरी चढता येत नाही अशा विद्यार्थ्याच्या बाजूने हा इतिहास वाचला, तर तो काहीसा वेगळा दिसतो.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. कलकत्ता व मद्रास या विद्यापीठांप्रमाणे हेही लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर बेतलेले होते. ते शिकवीत नसे. अभ्यासक्रम ठरवावे, परीक्षा घ्याव्या, पदव्या द्याव्या आणि महाविद्यालयांना संलग्न करून घ्यावे, एवढेच त्याचे कार्य होते. त्याच्या आरंभीच्या सदस्यांत डॉ. जॉन विल्सन हे आपल्या परिचयाचे नाव आहे. १८२९ साली मुंबईत आलेले, मराठी भाषा आत्मसात केलेले, पारशी धर्मग्रंथांचा व्यासंग केलेले हे स्कॉटिश मिशनरी पुढे १८६० च्या दशकाच्या अखेरीस विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. विल्सन महाविद्यालय त्यांच्याच शाळेतून वाढले. त्यांना विद्यापीठाला जोडलेल्या ग्रंथालयाची निकड वाटली नसती तरच नवल. परंतु आरंभी या विद्यापीठाजवळ स्वतःचे छप्परही नव्हते. ज्याला घर नाही त्याने ग्रंथ कोठे ठेवावे?

घराची सोय झाली ती कापसामुळे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून तेथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाचे भाव आकाशास भिडले. वऱ्हाड-नागपूरकडील कापसाचाही त्यात वाटा होताच. या तेजीचा नायक म्हणजे प्रेमचंद रायचंद हे सुरतेकडील जैन व्यापारी. १८६४ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी विद्यापीठ-ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये देऊ केले, व त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये घड्याळ आणि घंटा असलेल्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्यास आपल्या आईचे, राजाबाईचे, नाव द्यावे एवढीच त्यांची इच्छा होती. ग्रंथालय शहराला भूषण व्हावे आणि पुढील पिढ्यांच्या विद्वत्तेचे कोठार व्हावे, असा पहिल्या देणगीमागील हेतू होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील युद्ध थांबले, जुलै १८६५ मध्ये शेअरबाजार कोसळला आणि प्रेमचंदांसह असंख्य सावकार धुळीस मिळाले. दिलेले दान मात्र विद्यापीठाच्या पदरी सुरक्षित राहिले. सट्ट्याच्या पैशातून विद्येचे मंदिर उभे राहिले याबद्दल कोणी नाक मुरडावयाचे असेल तर खुशाल मुरडावे. आपल्या मंडळ्यांच्या जुन्या इमारतींच्या हिशेबवह्या उघडल्यास देणगीदारांच्या धंद्यांविषयी आपणही फारशी चौकशी केली नसल्याचे आढळेल.

इमारतीचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून काढला. ते मुंबईस कधी आलेच नाहीत. १ मार्च १८६९ रोजी काम सुरू झाले आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये संपले. एकूण खर्च साडेपाच लाख रुपयांच्या घरात गेला. कुर्ल्याच्या फिकट पिवळसर दगडात बांधलेला २८० फूट उंचीचा हा मनोरा त्या काळी शहरातील सर्वांत उंच वास्तू होता. त्याच्या पायथ्याशी दोन्ही बाजूंस पसरलेली ग्रंथालयाची दुमजली इमारत, टोकांचे गोलाकार जिने, वरच्या मजल्यावरील लांबलचक वाचनदालन, त्याचे लाकडी छत आणि रंगीत काचांच्या खिडक्या आजही पाहणाऱ्यास थक्क करतात. मनोऱ्यावर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातिजमातींच्या माणसांचे पुतळे बसविलेले आहेत. डॉ. विल्सन १८७५ च्या डिसेंबरात निवर्तले. पुरी झालेली वास्तू त्यांना पाहावयास मिळाली नाही.

येथपर्यंतची हकीकत सर्वश्रुत आहे. पुढचा प्रश्न सहसा विचारला जात नाही. या दालनात बसून वाचणार कोण? विद्यापीठ तर परीक्षा घेणारे. शिकणारा विद्यार्थी एल्फिन्स्टन, विल्सन, सेंट झेवियर्स या महाविद्यालयांत होता, पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात होता, अहमदाबादेस होता. मुंबईबाहेरच्या विद्यार्थ्यास हा मनोरा परीक्षेच्या निमित्ताने दिसे, आणि परीक्षेच्या दिवशी कोणी ग्रंथालयात बसत नाही. आमच्या मते या ग्रंथालयाच्या इतिहासातील मूळ अडचण जागेची किंवा पैशाची नव्हती. वाचकाची सोय लावण्याआधी वास्तू उभी राहिली, ही ती अडचण होय. पुतळ्यांच्या रूपाने सर्व जातिजमाती मनोऱ्यावर चढल्या. त्यांची मुले खालच्या दालनात येऊन बसावयास आणखी पुष्कळ काळ जावा लागला.

येथे ऑक्सफर्डचे उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. तेथील विद्यापीठाचे जुने ग्रंथालय १४८८ साली खुले झाले होते. सहाव्या एडवर्डच्या काळात, १५५० साली, धर्मसुधारणेच्या आवेशात राजाच्या आयुक्तांनी त्यातील ग्रंथ काढून नेले, आणि १५५६ मध्ये रिकाम्या दालनातील मेजे व बाकेही विद्यापीठाने विकून टाकली. सुधारणेचे वारस म्हणवणाऱ्यांनी हा अध्याय विसरू नये. पुढे १५९८ मध्ये टॉमस बॉडली या निवृत्त मुत्सद्द्याने ते दालन स्वखर्चाने पुन्हा उभे करण्याची तयारी दाखविली आणि ८ नोव्हेंबर १६०२ रोजी सुमारे दोन हजार ग्रंथांनिशी ते उघडले. बॉडलीने कपाटे केली, छत दुरुस्त केले, हे तर झालेच. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. ग्रंथालयाला कायमचे उत्पन्न लावून दिले, पगारी ग्रंथपाल नेमला, ग्रंथांची छापील यादी करविली, आणि १६१० मध्ये लंडनच्या मुद्रक-प्रकाशकांच्या संघाशी करार करून तेथे नोंदल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत ग्रंथालयास मिळेल अशी व्यवस्था केली. दोनच वर्षांत, १६१२ मध्ये, पहिला विस्तार पुरा झाला. ग्रंथपाल अविवाहित असावा अशी त्याची अट होती. पहिले ग्रंथपाल टॉमस जेम्स यांनी मात्र लग्न करण्याचा आग्रह धरला आणि बॉडलीला नमते घ्यावे लागले. ब्रह्मचर्याविषयीचे वाद केवळ आपल्याच गोटात चालतात असे नाही! घरी पुस्तक न देण्याचा नियम मात्र इतका कडक की १६४५ मध्ये पहिल्या चार्ल्स राजाला व १६५४ मध्ये क्रॉमवेललाही नकार मिळाला. नियम सर्वांना सारखा होता, हे खरे. पण जो ऑक्सफर्डला येऊ शकत नाही त्याचे काय, हा प्रश्न बॉडलीपुढे नव्हता. त्याचा वाचक दारातच राहत होता.

मुंबईत वाचक दारात आला तो कायद्यामुळे. लॉर्ड कर्झनच्या काळातील १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांना स्वतः अध्यापन करण्याची मुभा मिळाली. १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा विभाग निघाला, त्यामागोमाग अर्थशास्त्राचा. पदव्युत्तर विद्यार्थी आणि संशोधक विद्यापीठाच्या आवारात नित्य वावरू लागले व ग्रंथालयास प्रथमच रोजचा वाचक मिळाला. त्यानंतरच्या काळात येथे जे काम झाले ते आम्हांस मनोऱ्याहून अधिक महत्त्वाचे वाटते. १९३५ मध्ये अरबी, फारसी व उर्दू हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची प्रसिद्ध झाली. १९४४ मध्ये गो. वि. देवस्थळी यांनी संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची सिद्ध केली. न्यायविद्येचे पंडित आसफ फैजी यांनी दिलेल्या इस्माइली हस्तलिखितांची सूची १९६५ मध्ये आली. चाळीशीच्या दशकात विद्यापीठाने ग्रंथपालनाचे शिक्षणही सुरू केले. सूची म्हणजे दूरच्या वाचकाला पाठविलेले निमंत्रणच होय. नागपूर वा सागर येथे बसलेल्या अभ्यासकाला मनोरा दिसत नाही, सूची दिसते. आणि सूचीत नाव दिसले की तो पत्र लिहू शकतो, नक्कल मागवू शकतो, वर्षभर पैसे साठवून गाडीत बसू शकतो.

याच सुमारास मद्रासला शियाळी रामामृत रंगनाथन यांनी आपली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांचे पुस्तक १९३१ साली निघाले. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, हे त्यांतील पहिले सूत्र. इतकी उघड गोष्ट सूत्र म्हणून सांगावी लागली, यातच त्या काळच्या ग्रंथालयांची स्थिती कळून येते. कुलूपबंद कपाटे, खिडकीतून दिले जाणारे पुस्तक आणि विद्यार्थ्याकडे संशयाने पाहणारा कारकून असाच सर्वत्र प्रघात होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९५७ मध्ये रंगनाथन यांच्याच अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली व तिने १९५९ मध्ये अहवाल दिला. विद्यापीठ-ग्रंथालयाची इमारत कशी असावी, कर्मचारी किती असावेत, वाचकाला कपाटापर्यंत मुक्त प्रवेश कसा द्यावा, यांचा विचार तेव्हापासून रीतसर होऊ लागला.

स्वातंत्र्यानंतर विद्यार्थिसंख्या वाढली, विभाग वाढले, आणि स्कॉटच्या वास्तूत नवी कपाटे ठेवावयास जागा उरली नाही. अशा वास्तूचा विस्तार करता येत नाही. तिच्यावर मजला चढविता येत नाही, भिंत पाडता येत नाही, दगडाला भोक पाडून तारा ओढल्या तर तेवढ्यानेही हानी होते. म्हणून सत्तरीच्या दशकात सांताक्रूझजवळ कलिना येथे विद्यानगरी वसली तेव्हा विस्तार तेथे झाला आणि जवाहरलाल नेहरू ग्रंथालय उभे राहिले. विभाग तिकडे गेले, विद्यार्थी तिकडे गेले. जुने ग्रंथ व जुने वैभव फोर्टात राहिले. या दुभंगाबद्दल हळहळणारे पुष्कळ आहेत. आम्हांस हा निर्णय योग्य वाटतो. विद्यार्थी जेथे राहतो, शिकतो, जेवतो तेथे ग्रंथालय न्यावयाचे, ही गोष्ट १८६४ मध्ये कोणी केली नव्हती. ती शंभर वर्षांनी झाली. आपल्याकडे युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये यवतमाळहून पुण्यास गेली तेव्हा सोयीगैरसोयींचा असाच वाद झडला असेल, हे आपण कल्पू शकतो. विदर्भातल्या एका पाळकाला जवळचे ग्रंथालय त्या दिवशी दूरचे झाले, आणि पुण्याच्या विद्यार्थ्याला दूरचे जवळ आले.

जुन्या वास्तूचा जीर्णोद्धार अखेर २०१३ ते २०१५ या काळात झाला. इंडियन हेरिटेज सोसायटीने पुढाकार घेतला आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने द्रव्यसाहाय्य केले. म्हणजे १८६४ प्रमाणेच येथेही उद्योगाचा पैसा आला, फक्त कापसाऐवजी संगणकाचा. दगडी काम, रंगीत काचा, छत, लाकूडकाम यांची दुरुस्ती झाली. २०१८ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पारितोषिकांत या कामाचा गौरव झाला, आणि त्याच वर्षी मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाची जागतिक वारसा म्हणून नोंद झाली. हा मनोरा त्याच समूहातला. काम उत्तम झाले याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु वास्तूचे संवर्धन आणि ग्रंथालयाचे नूतनीकरण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढे येथे नोंदवून ठेवावेसे वाटते. पहिली वास्तुविशारदाची विद्या, दुसरी ग्रंथपालाची. पारितोषिके बहुधा पहिलीला मिळतात.

आता आपल्या भागाकडे वळू. मध्यप्रांतात प्रथम विद्यापीठच नव्हते. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले व १८६३ मध्ये निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ १८८३ मध्ये निघालेल्या हिस्लॉप महाविद्यालयाचे विद्यार्थी आरंभी कलकत्ता विद्यापीठाच्या परीक्षा देत, पुढे अलाहाबादच्या. नागपूरला विद्यापीठ झाले ते १९२३ च्या ऑगस्टात. या हिस्लॉप महाविद्यालयात शिकलेला सागरचा एक मुलगा केंब्रिजला गेला, नामांकित कायदेपंडित झाला, दिल्ली विद्यापीठाचा पहिला कुलगुरू झाला, नागपूरचाही कुलगुरू झाला, आणि उतारवयात आपली सारी कमाई लावून १९४६ च्या जुलैत त्याने आपल्या गावी विद्यापीठ काढले. ते डॉ. हरिसिंग गौर. आरंभी त्यांनी वीस लाख रुपये दिले आणि मृत्युपत्राने आणखी दोन कोटींची मालमत्ता. प्रेमचंदांच्या दानातून मनोरा उभा राहिला; गौरांचे विद्यापीठ मकरोनियाच्या लष्करी बराकींत भरू लागले. घंटा नाही, रंगीत काचा नाहीत. पण ते पहिल्या दिवसापासून शिकविणारे विद्यापीठ होते. बराकीतले ग्रंथ हाती धरणारा विद्यार्थी शेजारच्याच बराकीत होता.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे सावरगाव-पांढुर्ण्याच्या मराठी विद्यार्थ्याची विचित्र अवस्था झाली. नागपूर सुमारे शंभर किलोमीटरवर, थेट रेल्वेगाडीच्या वाटेवर, त्याच्या भाषेचे. पण ते विद्यापीठ त्याचे नव्हे. जिल्ह्यातील महाविद्यालये दीर्घकाळ सागर विद्यापीठास संलग्न होती, आणि सागर तिपटीने दूर. तेथील ग्रंथालयाचे नावही मुंबईप्रमाणेच जवाहरलाल नेहरू ग्रंथालय. त्याच्या नावाने फी भरूनही पदवी घेईपर्यंत त्याची पायरी न पाहिलेले विद्यार्थी किती असतील! २००९ मध्ये सागर केंद्रीय विद्यापीठ झाले. २०१९ मध्ये छिंदवाड्यास विद्यापीठ निघाले. ते आज राजा शंकरशाह यांच्या नावाने ओळखले जाते. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हाही झाला. अंतर कमी झाले, हे चांगलेच झाले. मात्र नव्या विद्यापीठाला ग्रंथसंग्रह एका दिवसात करता येत नाही. मुंबईला त्यासाठी दीडशे वर्षे लागली.

संलग्न विद्यार्थ्याची ही अवस्था आपण पाळकवर्ग आणि धर्मशिक्षक चांगली ओळखतो. सेरामपूरला १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाची सनद मिळाली. १९१८ च्या कायद्यानंतर तेथील सिनेट भारतभरच्या ईशज्ञान-शाळांना संलग्न करून घेऊन पदव्या देते. आपल्यापैकी अनेकांच्या पदवीवर सेरामपूरचे नाव आहे. सेरामपूरचे ग्रंथालय पाहिलेले फार थोडे. १८५७ च्या मुंबई विद्यापीठाचा जो साचा, तोच हा. परीक्षा मध्यवर्ती, ग्रंथ स्थानिक, आणि स्थानिक म्हणजे बहुधा एक लाकडी कपाट, त्यात जुन्या मिशनऱ्याने मागे ठेवलेली इंग्रजी भाष्ये. बाहेरून परीक्षेस बसणाऱ्या आपल्या धर्मशिक्षकाने यावर दोन मार्ग काढले. एक, उसनी टिपणे पाठ करणे. दुसरा, वर्षातून एकदा शिबिराच्या निमित्ताने ग्रंथालय असलेल्या गावी जाऊन चार दिवसांत जमेल तेवढे उतरवून आणणे. दुसरा मार्ग कष्टाचा खरा, पण अशा उतरविलेल्या वह्यांनीच कित्येक मंडळ्यांना बरी प्रवचने मिळाली आहेत.

दूरच्या विद्यार्थ्यापर्यंत ग्रंथ नेण्याचे साधन आता निर्माण झाले आहे, आणि आमच्या दृष्टीने विद्यापीठ-ग्रंथालयाचा खरा विस्तार तोच. विद्यापीठांची ग्रंथालये एकमेकांस जोडण्यासाठी १९९१ मध्ये गुजरातेत इन्फ्लिबनेट ही संस्था निघाली. तिच्या शोधगंगा या भांडारात देशभरच्या विद्यापीठांतील प्रबंध कोणालाही विनामूल्य वाचता येतात. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये खर्चून तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके ६,३०० हून अधिक शासकीय संस्थांतील विद्यार्थ्यांना व अध्यापकांना १ जानेवारी २०२५ पासून उपलब्ध झाली. कलिन्यातील संशोधकाला आणि या जिल्ह्यातील शासकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला एकच लेख एकाच वेळी वाचता यावा, असा तिचा आशय आहे. बॉडलीच्या ग्रंथालयाने राजाला नाकारलेली सोय ती ही.

परंतु या नियतकालिकांची भाषा बहुतांशी इंग्रजी आहे, आणि आमचा विद्यार्थी घरी मराठी बोलतो, वर्गात हिंदीत शिकतो. त्याच्या हाती दूरध्वनी असतो; त्याचे चित्रपट कसे पाहावेत हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही, शोधगंगेतील प्रबंध कसा शोधावा हे मात्र शिकवावे लागते. हिल्कीया आणि राजा यांच्या मध्ये शाफान चिटणीस होता. महाविद्यालयांत हे काम ग्रंथपालाचे, आणि जेथे ग्रंथपालाची जागा रिकामी असेल तेथे यंत्र असून वाचन होणार नाही. शाळा-महाविद्यालयाच्या गावी ज्या मंडळीजवळ एखादी खोली, वीज आणि संध्याकाळचे दोन तास मोकळे असतील, तिने ती खोली परीक्षेच्या महिन्यांत सर्व विद्यार्थ्यांना, कोणत्याही धर्माच्या, उघडून द्यावी, अशी आमची सूचना आहे. तेथे एका मेजावर मराठी-हिंदी-इंग्रजी शब्दकोश असावेत व शोध कसा घ्यावा हे जाणणारी एक व्यक्ती असावी. यासाठी दोन लाखांच्या देणगीची गरज नाही. अर्थात खासगी महाविद्यालयांचे व आपल्या ईशज्ञान-शाळांचे विद्यार्थी या वर्गणीच्या पहिल्या टप्प्यात नाहीत. त्यांना तूर्त शोधगंगा आणि राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय यांवरच भागवावे लागेल, आणि सेरामपूरचे विद्यार्थी त्यांतच मोडतात.